नवसाची सुरी

मी आयुष्यात साधी कोंबडीसुद्धा कापलेली नाही. मटण खातो, चवीनं खातो, नळीसाठी भांडतोही. पण जनावर पाडायची वेळ आली की मला नेमकं कुठंतरी काम निघतं. असं असूनही चांगली सुरी कशी ओळखावी, यावर मी तासभर बोलू शकतो. बायको म्हणते, पोहता न येणाऱ्यानं विहिरीची खोली सांगावी तसं हे आहे. तिचं बरोबर आहे. पण हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नाही. त्यासाठी माझ्या मायचे पाय खर्ची पडले.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. आमचा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यातच होता. शिरड शहापूरपासून तासाभराच्या चालीवर आमचं गाव. घरी मेंढरं, चार शेळ्या आणि थोडी कोरडवाहू जमीन. मी बी.ए. उरकून मास्तरकीची स्वप्नं बघत बसलो होतो, तेवढ्यात कावीळ झाली. डोळे, नखं, लघवी, सगळं हळदीसारखं. अन्न टिकेना. मला बैलगाडीत घालून रस्त्यापर्यंत न्यायच्या सकाळी मायनं गावाबाहेरच्या टेकडीवरच्या दर्ग्याकडे तोंड करून पदर पसरला आणि पिराला बोलून टाकलं, "माझं लेकरू उठू दे, तुला बोकड देते. अन् दिऊस्तोवर पायात वहाण घालनार न्हाई."

आमच्याकडे यात कुणाला नवल वाटत नाही. घर हिंदू असो की कुणाचं, नड आली की पीर आपला. बोकड दर्ग्यातल्या मुजावरच्या हातानं कापायचा, तिथंच टेकडीवर शिजवायचा आणि सगळ्या गावानं जेवायचं. याला कंदुरी म्हणतात. आमच्या घराण्यात त्याला आणखी एक रीत जोडलेली होती. ज्याच्यासाठी नवस, त्यानंच सुरी आणायची. ती कोरी पाहिजे. त्या दिवसापर्यंत तिनं कांदासुद्धा चिरायचा नाही.

मी महिनाभरात उठलो. त्याच सुमाराला आमच्या शेळीला काळंभोर करडू झालं होतं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं. मायनं त्याच्या गळ्यात पिराच्या नावाचा हिरवा गंडा बांधला आणि मला म्हणाली, "सुरीचं तू बघ." त्या दिवशी घरातून तिच्या चपला गेल्या. तिनं त्या कुणाला देऊन टाकल्या हे मला आजतागायत माहीत नाही.

सुरीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून मी दोन घरं पलीकडच्या आबांकडे गेलो. आबा तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढचे. निजामाच्या अमदानीत ते एका देशमुखाच्या शिकारी टोळीत होते. बंदूक मारायचं काम मोठ्या लोकांचं. पडलेलं हरिण जागच्या जागी साफ करायचं काम आबांचं. पुढं कायदा आला, शिकार बंद झाली. हरणं आता आमच्या हरभऱ्यात बिनधास्त चरायची आणि आबा बांधावर बसून त्यांच्याकडे जुन्या सोयऱ्याकडे बघावं तसं बघायचे.

"हरिण पडलं की अर्ध्या घंट्यात पोट रिकामं झालं पायजे," आबांनी शिकवणी सुरू केली. "न्हाईतर मटणाला वास येतो. घाई हाय, हात रगतानं बरबटलेला, अन् त्यात सुरी खराब. मंग बघ कशी तकलीफ होती."

"मंग चांगली कोणती?"

"पातं वीतभर. त्याच्याहून लांब सुरी दाखवायची असती, कामाची नसती. पात्याला पोट पायजे, म्हंजे गोलाई, तवाच कातडं सरळ सुटतं. मूठ लाकडाची. पितळेची चकचकीत घेशील तर चरबीनं घसरंल अन् बोटं जातेल." मग त्यांनी स्वतःच्याच गोधडीवर, दोन बोटांच्या बेचक्यात नसलेली सुरी धरून, धार वर करून, पोट कसं उघडायचं ते दाखवलं. "अन् टोक नको. टोक आतड्यात शिरलं की संपलं. माझ्या हातून एकदा झालं हाय. चार माणसाची दिवसभराची पायपीट नासली. देशमुख काही बोलला न्हाई, पन माझ्याकडं बघितलं बी न्हाई."

पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या हरणाबद्दल बोलताना आबांचा चेहरा पडला होता. मला त्यांच्याबद्दल तेव्हापासून आदर वाटायला लागला.

एवढं ऐकल्यावर मी सुरी शोधायला निघालो आणि गावातला सगळ्यात चिकित्सक गिऱ्हाईक झालो. औंढ्याला देवळाच्या गल्लीत भांड्याच्या दुकानात स्टीलच्या सुऱ्या होत्या, प्लॅस्टिकच्या मुठीच्या. त्यांनी पेरू बरा कापला असता. कळमनुरीच्या बाजारात एक झकास मिळाली, पण तिच्या मुठीच्या फटीत जुना काळा मळ दिसला; ती कोरी नव्हती. हिंगोलीत दुकानदारानं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "किसके लिए चाहिए भाई?" मी "बकरे के लिए" म्हणालो तरी त्याचा विश्वास बसला नाही. काविळीनं माझे गाल बसले होते आणि दाढी वाढलेली होती. मी त्याच्या जागी असतो तर मलाही सुरी दिली नसती.

प्रत्येक वेळी मी हात हलवत परत यायचो. माय उंबऱ्यात उभी असायची. "भेटली?"

"न्हाई. लोखंड बराबर न्हाई."

इकडं बोकड वाढत होता. दुखण्यातून उठल्यावर मला दोन महिने उन्हात बसून उसाचा रस प्यायचं एवढंच काम होतं, तेव्हा ते करडू माझ्या मांडीवर मान टाकून झोपायचं. मोठा झाल्यावर त्यानं माझा बी.एड.चा फॉर्म खाल्ला, फोटोसकट. मी काठी घेऊन मागं लागलो तर तो उकिरड्यावर चढून माझ्याकडे बघत शांतपणे उरलेलं चावत राहिला. पुढं त्याला असा उग्र वास यायला लागला की पाहुणे ओसरीवर बसेनात. तरी मी दाराशी आलो की तो गंडा हलवत यायचा आणि माझ्या खिशात तोंड घालायचा. मला तो आवडत होता. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. मी फक्त म्हणायचो की लोखंड बराबर न्हाई.

असं करत वर्ष गेलं. उन्हाळा आला. चैत्रातली आमची काळी जमीन दुपारी तव्यागत तापते, आणि माय त्या जमिनीवर अनवाणी. सराटे, बाभळीचे काटे, कापून नेलेल्या तुरीची टोकदार खोडं. टाचांना अशा भेगा पडल्या की ती संध्याकाळी मेण वितळवून त्यात भरायची. एकदा काटा आत मोडला आणि पाय सुजला. मी तिचा पाय मांडीवर घेऊन सुईनं काटा काढत होतो. काटा निघाल्यावर म्हणाली, "एक विचारू? सुरी भेटंना का तुला बोकड सोडवंना?"

मी सुई पुसून दोऱ्याच्या रिळात खोचली.

"मला बी कळतं रं," ती म्हणाली. "मी बी त्याला हातानं पाला घातला हाय. पन तुला जरा अंग गरम झालं की माझी झोप उडती. मला वाटतं, पीर मागून राहिला. काहून उशीर करतो बाबा?"

मला स्वतःची लाज वाटली. एकाला आवडतं जनावर आणि झिजतात दुसऱ्याच्या टाचा, हा कुठला न्याय? मी त्याच आठवड्यात शिरड शहापूरला गेलो. तिथं रस्त्याच्या कडेला घिसाड्यांचं बिऱ्हाड उतरलं होतं. नवरा चिमट्यात लोखंड धरायचा आणि बायको घण मारायची, तेही मांडीवरचं लेकरू नुकतंच खाली ठेवून. मी ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा निवडला, बाभळीची मूठ निवडली, वीतभर मापून दिलं, पात्याला पोट सांगितलं. आबांचा सगळा धडा म्हणून दाखवला. शेवटी म्हणालो, "अन् टोक नको."

बाईनं घण टेकवला. "टोक न्हाई तर सुरी आंधळी. ऱ्हाऊ द्या."

"आमचे आबा म्हणले, नको."

"नको तर घरी दगडावर घासून टाका. काढता येतं. लावता येत न्हाई."

ती कुणाशी वाद घालणाऱ्यांतली नव्हती. बोलली आणि पुन्हा घण उचलला. टोक राहिलं. पाण्यात विझवून, घासूनपुसून तिनं सुरी माझ्या हातात ठेवली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की चांगली सुरी हातात आली की ती ओळखावी लागत नाही. मनगटावरचे केस तिनं नुसत्या स्पर्शानं उतरवले.

माय त्या दिवशी नव्या नवरीसारखी घरभर फिरली. सुरीला हळदकुंकू लावलं. कंदुरीसाठी पुढचा गुरुवार धरला. मामा, मावश्यांना निरोप गेले. बाप मेंढरं घेऊन लांब एकाच्या रानात खतासाठी बसवायला गेला होता, त्यालाही गुरुवारी यायला सांगितलं. घरात दळणाची तयारी सुरू झाली. मी बोकडाकडे बघायचं टाळत होतो.

रविवारी दुपारी मायनं गहू धुतले आणि अंगणात धोतरावर वाळत घातले. ती आवतणं द्यायला निघाली तेव्हा मला बजावून गेली, "गव्हापाशी बस. उठू नको." मी बसलो. पाच मिनिटं बसलो. मग मला आठवलं की आबांनी अजून सुरी बघितलीच नाही. आणि टोकही घासायचं राहिलं होतं. दोन घरं तर पलीकडं. मी सुरी घेऊन गेलो.

आबांनी ती उन्हात धरली, नखानं वाजवली, मुठीत फिरवली. "हां," ते म्हणाले. एवढंच. माझी वर्षभराची वणवण त्या एका हुंकारात वसूल झाली. "टोक तेवढं काढू. आन निसणा." मी धार लावायचा दगड आणला, त्यावर पाणी टाकलं. टोक दगडावर टेकवलं आणि मायची हाक आली. तशी हाक तिनं काविळीतसुद्धा मारली नव्हती.

बोकडानं दावं तोडलं होतं. धोतरावरचे निम्मे ओले गहू गायब होते आणि वर त्यानं हौदाचं पाणी प्यायलं होतं. मी सुरी हातात तशीच घेऊन पोचलो तेव्हा तो आडवा झाला होता. पोटाची डावी बाजू ढोलासारखी तटतटलेली, जीभ बाहेर, डोळे वर. मायनं त्याच्या तोंडात आडवी काडी बांधून बघितली. गोडतेल पाजलं, ते नाकातून बाहेर आलं. गुरांचा डॉक्टर रविवारी कुठला मिळायला?

आबा काठी टेकत मागोमाग आले. त्यांनी पोटावर टिचकी मारली, आवाज ऐकला. "वारा धरला. टोचावं लागतं. न्हाईतर हा काही टिकत न्हाई."

टोचायला काय होतं घरात? विळा वाकडा, खुरपं रुंद, बापाची सुरी बापाच्या कमरेला. टोक असलेलं एकच पातं होतं आणि ते माझ्या हातात होतं.

मी मायकडे बघितलं. तिनं बोकडाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. काय होणार ते आम्हा तिघांनाही कळत होतं. कोरी सुरी कोरी राहणार नव्हती. आणि पोटाला भोक पडलेलं जनावर पिराला चालत नाही. अंगावर व्रण नसलेलं, धडधाकटच लागतं. चार दिवस राहिले होते. सव्वा वर्ष ती त्या गुरुवारची वाट बघत होती, त्याच पायांनी, जे आत्ता माझ्यासमोर धुळीत पसरलेले होते.

आबा हळूच म्हणाले, "मुजावरला बलवायचं तर बलव. हितंच करंल. मटण तरी..."

"न्हाई," माय म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "बघून काय राहिला? जनावर तडफडू देऊन नवस फेडायचा व्हय?"

मी गुडघ्यावर बसलो. आबांचं बोट अचूक होतं. शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड यांच्यामधल्या, एरवी खळगा असलेल्या जागी त्यांनी ते टेकवलं. "हितं. टोक पुढच्या उजव्या पायाकडं. भ्यायचं न्हाई. भ्यालास की हात अर्ध्यात थांबतो."

ज्या माणसानं पन्नास वर्षं आतड्यात टोक शिरल्याचं दुःख केलं, तो मला टोक शिरवायला सांगत होता. मी डोळे मिटले नाहीत, एवढंच सांगतो. सुरी गेली. फुस्स करून वारा सुटला, असा वास की आबासुद्धा मागं सरले. न्हाणीजवळच्या पपईचा पोकळ देठ तोडून मी त्या भोकात बसवला आणि अर्धा तास तसाच धरून बसलो. पोट हळूहळू खाली आलं. बोकडानं मान उचलली, मायच्या मांडीवरून इकडंतिकडं बघितलं आणि तिच्या पदराचा काठ चावायला लागला.

मी रडलो. आबा हसले. माय उठली, उरलेले गहू गोळा केले आणि सुपात घेऊन निवडायला बसली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरानं येऊन इंजेक्शन दिलं, मला शाबासकी दिली आणि गहू उघड्यावर ठेवल्याबद्दल शिव्याही. मग आम्ही मायलेक टेकडीवर गेलो. म्हातारा मुजावर चाचा सगळं ऐकून म्हणाला, "भोक पडलेलं मी न्हाई कापणार बाई. माझ्या हातून व्हायचं न्हाई. तुम्ही गोड करा. मलिदा आणा गुरुवारी. पीर राजी हाय."

मी म्हणालो, "चाचा, दुसरा बोकड आणू. पुसदच्या बाजारातून..."

"दुसरा काहून?" मायनं मला मधेच तोडलं. "पिराचा गंडा बांधला तो ह्याला. जीव तुझा एक, बोकड बी एकच."

गुरुवारी मलिदा झाला. उरलेल्या गव्हाच्या पोळ्या कुस्करून त्यात गूळ-तूप घातलेला. मामा-मावश्या मटणाच्या आशेनं आलेले. त्यांनी तोंड वाकडं करून, पण पोटभर खाल्ला. मी शिरड शहापूरहून मायसाठी चपला आणल्या होत्या. टेकडीच्या पायथ्याशी तिच्यासमोर ठेवल्या. तिनं त्या ओलांडल्या.

"चाचा म्हणले ना, पीर राजी हाय!" मी चिडलो.

"पीर असंल राजी," ती चालता चालता म्हणाली. "मी बोकड बोलले होते. मलिदा न्हाई."

तिला समजावून बाप थकला, मी थकलो, चाचा स्वतः घरी येऊन थकला. आमच्याकडे म्हणतात, हट्टाला औषध नाही. मला अधूनमधून तिचा भयंकर राग यायचा, आणि रागाच्या मागोमाग कळायचं की हा राग तिच्यावर नाही. गव्हापाशी बस म्हणून सांगितलं होतं. मी बसलो नव्हतो.

बोकड पुढं नऊ वर्षं जगला. दरम्यान जिल्हा बदलला, मी मास्तर झालो, लग्न झालं, गावात मोबाइल आले. बोकडाच्या डाव्या कुशीवर बोटभर जागेत केस उगवले नाहीत ते नाहीतच. माय त्याला रोज पाला घालायची. अनवाणी विहिरीवर जायची, अनवाणी माझ्या लग्नात मिरवली, माझ्या शाळेत झेंडावंदनाला आली तीही अनवाणी. मी तिच्या सोबत चालताना रस्त्यातले खडे पायानं बाजूला करत चालायचो. तिला कळायचं.

मग एका हिवाळ्यात बोकड गोठ्यात बसल्या जागी गेला. म्हातारा झाला होता, दात पडले होते. बांधाच्या कडेला त्याला पुरलं. गळ्यातला गंडा मायनं आधी सोडवून घेतला आणि टेकडीवर नेऊन ठेवला. परत आली तेव्हा मी विचारलं, "आता?"

"पिराचं होतं. पिरानं नेलं," ती म्हणाली.

पुढच्या बाजाराला ती माझ्यासोबत कळमनुरीला आली आणि स्वतः निवडून चामड्याच्या चपला घेतल्या. तिथं घालून बघितल्या नाहीत. घरी आली, पाय धुतले, पुसले, ओसरीवर बसली आणि पाय घातला. जाईना. दहा वर्षांत तिचे पाय पसरट झाले होते. बोटं एकमेकांपासून लांब गेलेली, टाचा रुंद, कातडं जाड. पट्ट्यात पाऊल अर्ध्यावरच अडायचं. तिनं दुसरा पाय घालून बघितला. तोही तसाच. मग ती माझ्याकडे बघून कसनुसं हसली. "चावतेत रं. ऱ्हाऊ दे."

मी आत गेलो, ट्रंक उघडली. फडक्यात गुंडाळलेली सुरी बाहेर काढली. त्या रविवारनंतर तिनं काहीच कापलं नव्हतं. ओसरीवर येऊन मायपुढे बसलो, चप्पल मांडीवर घेतली, पट्टा शिवणीपासून थोडा उसवला आणि पायाच्या मापानं दोन्ही बाजूंना चिरा दिल्या. टोकानं नवी भोकं पाडली. चामडं सरळ सुटत गेलं. आबा असते तर 'हां' म्हणाले असते.

"घाल," मी म्हणालो.

तिनं पाय घातला. उभी राहिली. ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आली, जमिनीकडे बघत, चालायला नव्यानं शिकत असल्यासारखी. मग म्हणाली, "डावी अजून थोडी ढिली कर."